गावं कमी करा, ओझं कमी करा

पाठीवर पिशवी टाकून एकट्यानं युरोप बघायचं ठरवलंत, चांगलं केलंत. त्यातही दक्षिणेचा भाग निवडलात हे आणखी बरं. पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस हे देश उत्तरेच्या मानानं स्वस्त पडतात. तिथले लोक संध्याकाळी घरात बसत नाहीत. रात्री दहालाही चौकात आजी-आजोबा गप्पा मारत असतात आणि पोरं चेंडू खेळत असतात. एकट्या माणसाला अशा गावात फारसं दडपण येत नाही.

आता तुमचा बेत समोर घ्या. त्यात गावं किती आहेत ते मोजा.

तीन आठवडे, आणि लिस्बन, पोर्तो, माद्रिद, सेव्हिल, बार्सिलोना, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, अथेन्स, सँटोरिनी? निम्मी खोडा. गंमत नाही करत. पहिल्या एकट्या प्रवासात जे बिघडतं, त्यातलं बहुतेक घाईनं आणि थकव्यानं बिघडतं. पाकीट मारलं जातं ते गाडी पकडायच्या गडबडीत. दंड बसतो तो तिकिटावरचं न वाचल्यामुळे. आणि तिकीट वाचलेलं नसतं, कारण तुम्ही पहाटे चारला उठलेले असता.

एक गाव सोडून दुसरं गाठायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. पिशवी भरा, स्टेशन गाठा, गाडीत बसा, उतरून मुक्काम शोधा, खोली तीन वाजता मिळणार म्हणून दारात ताटकळत बसा. सोबत कोणी असलं तर हे हसतखेळत होतं. एकटे असलात की सामानावर नजर तुम्हीच ठेवायची, रस्ताही तुम्हीच शोधायचा. रोज रोज केलं तर आठवडाभरात वैताग येतो.

म्हणून तीन आठवड्यांना एक देश घ्या, फार तर दोन. एका गावात निदान तीन रात्री राहा. आणि दर आठवड्यात एक दिवस कोरा सोडा. त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. कपडे धुवायचे, झोपायचं, बाकावर बसायचं. हा दिवस वाया जात नाही. गाडी चुकली, पोट बिघडलं, संप झाला, तर तोच कामी येतो.

संप तर इटलीत होतातच. त्याला तिथे 'शोपेरो' म्हणतात. तो बहुतेक वेळा आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात काही ठरावीक स्थानिक गाड्या संपातही सोडाव्या लागतात. हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका. लिस्बन आणि सेव्हिल शेजारी दिसतात, पण दोघांमध्ये सरळ रेल्वे नाही. बसनं सहा-सात तास लागतात. उलट रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडी दीड तासात पोचवते आणि नेपल्सला सव्वा तासात. इटलीच्या टोकाला तर अख्खी आगगाडी बोटीत चढवून सिसिलीला नेतात. वेळ असेल तर तो प्रवास जरूर करा.

ग्रीसच्या बेटांचा मोह होणारच. जा. पण जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा सुटतो. त्याचं नाव मेल्तेमी. तो जोरात आला की बोटी बंद. तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. एक दिवस आधीच अथेन्सला या. बोटीचं तिकीट बुडालं तर थोडे पैसे जातात, विमानाचं बुडालं तर महिन्याचा पगार जातो.

महिना निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. तेव्हा सेव्हिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. 2023 च्या जुलैत अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं, इतकी उष्णता होती. इटलीत 15 ऑगस्टच्या आसपास स्थानिक लोक स्वतःच सुट्टीवर जातात आणि गल्लीतली लहान दुकानं, खानावळी बंद असतात. "आम्ही नागपूरचे, आम्हाला ऊन काय सांगता," असं म्हणू नका. नागपुरात तुम्ही दुपारी दोन वाजता पाठीवर दहा किलो घेऊन दगडी चढण चढत नाही.

आता पिशवी. चाकांची बॅग घरी ठेवा. या जुन्या गावांत रस्ते दगडी आहेत, जिने फार आहेत, आणि स्वस्त मुक्काम हमखास वरच्या मजल्यावर असतो. लिस्बनचे काळ्या-पांढऱ्या दगडांचे पदपथ दिसायला सुंदर आहेत, पण पावसात साबण लावल्यासारखे निसरडे होतात. पाठीवरची पिशवी 35-40 लिटरची पुरे. भरल्यावर वजन 8 किलोच्या आत हवं. स्वस्त विमान कंपन्या सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट नेऊ देतात. त्याहून मोठीचे पैसे तिकिटाबरोबरच भरा. विमानतळावर भरायला गेलात तर जास्त मोजाल.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी ती पिशवी पूर्ण भरून बाहेर पडा. अर्धा तास चाला, तीन मजले चढा. मग घरी येऊन काय काय काढून टाकायचं ते आपोआप कळेल. बूट नवे घेतले असतील तर तेही याच दिवसांत वापरून मऊ करा.

कपड्यांचे चार जोड खूप झाले. एक पंचा घ्या. होस्टेलमध्ये टॉवेलचे बहुधा वेगळे पैसे पडतात, आणि पंचा तासाभरात वाळतो. मुलींनो, एक ओढणी असू द्या. रोमच्या सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे उघडे असले तर आत सोडत नाहीत, मग पुरुष असो की बाई. एक चांगलं कुलूप घ्या. होस्टेलच्या कपाटाला कुलूप बहुधा आपलंच लावायचं असतं.

आई डबा देणारच. तिला आधीच सांगा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे तूप नको, पेढे नकोत, बर्फी नको. आंबेही नकोत. भडंग, खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. चटणी मात्र घट्ट बांधा. पिशवीतले कपडे पुढचे वीस दिवस वापरायचे आहेत.

पहिल्या रात्रीबद्दल माझं ऐका. तिकीट काढताना दिवसाउजेडी पोचणारं विमान बघा, दोन-चार हजार जास्त पडले तरी. पहिल्या दोन रात्रींचा मुक्काम घरूनच पक्का करा, आणि तो स्टेशनपासून चालत जाण्याजोगा असू द्या. विमानतळावरून तिथपर्यंत कसं जायचं ते कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सीमेवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात वेळ लागतो. उतरल्यावर तासाभरात सुटणारी गाडी आरक्षित करू नका. परतीचं तिकीट, मुक्कामाची पावती आणि विम्याचा कागद हातात छापील ठेवा. अधिकारी विचारतात. शांतपणे, विचारलं तेवढंच उत्तर द्या.

मुक्कामावर पासपोर्ट मागतील. दचकू नका. स्पेन आणि इटलीत पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवावी लागते. मात्र पासपोर्ट तिथे ठेवून येऊ नका. नोंद झाली की लगेच परत घ्या.

खिसेकापूंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरच्यांना भीती वाटते ती मारामारीची, आणि होते ती चोरी. या देशांत परक्या माणसावर हात उचलण्याचे प्रकार कमी. खिशात हात घालण्याचे मात्र रोज होतात. बार्सिलोनाची ला राम्ब्ला आणि तिथली मेट्रो, रोमचं तेर्मिनी स्टेशन आणि तिथून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस, लिस्बनची 28 नंबरची ट्राम, अथेन्सची विमानतळाची मेट्रो. ही ठिकाणं प्रसिद्ध आहेत. तिथे जायचं नाही असं नाही. तिथे जागं राहायचं.

त्यांच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. कोणी मनगटात धागा बांधायला येतं. स्पेनमधल्या ग्रानादाच्या कॅथेड्रलपाशी बायका हातात वनस्पतीची डहाळी देतात आणि मग पैसे मागतात. कोणी सही मागायला कागद पुढे करतं, आणि त्या कागदाखालून दुसरा हात तुमच्या खिशात जातो. कोणी सांगतं, तुमच्या पाठीवर घाण पडली आहे, थांबा, पुसून देतो. कोणी साध्या कपड्यांतला पोलीस बनून पाकीट दाखवा म्हणतो. सगळ्यांना एकच उत्तर. हात मागे, मान हलवून नाही, आणि चालू पडायचं. उद्धटपणा वाटेल याची काळजी नको. पाकीट मागणाऱ्या 'पोलिसा'ला सांगा, आपण चौकीत जाऊ. तो बहुधा निघून जाईल.

पैसे एका जागी ठेवू नका. दोन कार्डं न्या, एक अंगावर, एक पिशवीच्या तळाशी. थोडे युरो कपड्यांच्या आत. त्या दिवसाचे पैसे वेगळ्या खिशात, म्हणजे कॉफीचे पैसे देताना सगळी पुंजी चारचौघांत निघत नाही. प्रवासाच्या दिवशी पासपोर्ट कपड्यांच्या आत, अंगाला लागून. फोन खानावळीच्या टेबलावर ठेवायची सवय इथेच सोडा.

दोन गोष्टी आपल्या लोकांना हमखास नडतात. एक, बँकेचा ओटीपी. तुम्ही तिकडचं सिम घालता, आपलं सिम बंद करता, आणि मग कार्डावर पैसे भरायला गेलं की ओटीपी येतच नाही. निघण्याआधी बँकेत जाऊन कार्ड परदेशासाठी सुरू करून घ्या आणि आपला नंबर तिथे संदेश घेईल अशी सोय करा. दोन, एटीएम किंवा दुकानातलं यंत्र विचारतं, रुपयांत देता की युरोत. रुपये बघून बरं वाटतं. पण ते दाबू नका. त्यांचा भाव चढा असतो. नेहमी युरो दाबा. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे, तेव्हा चुकीचा भाव चांगलाच झोंबतो.

गाडीच्या तिकिटाचं पुन्हा सांगतो. इटलीत साध्या स्थानिक गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही. चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते. मोबाइलवर काढलं असेल तर चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. विसरलात तर तिकीट असूनही दंड. तपासनीस ऐकून घेत नाहीत. स्पेनमध्ये वेगवान गाड्यांना विमानतळासारखं सामान तपासतात आणि गाडी सुटायच्या आधीच दार बंद होतं. अर्धा तास आधी पोचा.

काही जागांची तिकिटं घरूनच काढा. ग्रानादाचं अल्हाम्ब्रा, बार्सिलोनाची साग्रादा फामिलिया, रोमचं कोलोसियम. अल्हाम्ब्राच्या तिकिटावर नाव असतं आणि आतल्या राजवाड्यांना ठरलेली वेळ असते. तिथे जाऊन बघू म्हणालात तर बाहेरची भिंत बघून परत याल. बाकी सगळं तिथे गेल्यावर ठरवलं तरी चालतं.

खाण्याची चिंता मांसाहारी माणसानं करूच नये. शाकाहारी असाल तर ऐका. स्पेनमध्ये 'मांस नको' म्हटलं तर ताटात ट्यूना मासा किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात. त्यांच्या लेखी ते मांसात मोडत नाही. म्हणून काय नको ते नाव घेऊन सांगा: मासा नको, हॅम नको, कोंबडी नको. पोर्तुगालच्या हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्येही बहुधा सॉसेजची चकती असते. इटलीत टोमॅटोचा पास्ता, मार्गेरिता पिझ्झा, फोकाच्या यांवर दिवस निघतात.

सगळ्यांत सुखी शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये असतो. पालकाची स्पानाकोपिता, भात भरलेले टोमॅटो, पांढऱ्या घेवड्याचं फासोलादा. त्यांच्या चर्चच्या उपासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमो' म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मात्र कोळंबी आणि शिंपल्या त्या उपासाला चालतात. आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो, भात चालत नाही, तसंच काहीसं. तेवढं विचारून घ्या.

पैसे वाचवायचे असतील तर दुपारी नीट जेवा आणि रात्री हलकं घ्या. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' मिळतो. दोन पदार्थ, पाव, शेवटी गोड, असं 12 ते 15 युरोत होतं. वेळ दुपारी दोनची. रात्रीचं जेवण नऊच्या आधी नाही, तोवर भूक धरायला खाकरा आहेच. इटलीत कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, बसलात तर महाग. तिथे बिलात माणशी 'कोपेर्तो' म्हणून रक्कम लावतात, ती फसवणूक नाही. पोर्तुगालमध्ये न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कोणी रागावत नाही.

भाताची आठवण आली तर लिस्बनचं मार्तिम मोनिझ, रोममधला एस्किलिनो, बार्सिलोनाचा राव्हाल या भागांत जा. बांगलादेशी, पाकिस्तानी, पंजाबी दुकानदार भेटतील. डाळ-तांदूळ मिळेल, होस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी होईल. हिंदीत बोलायलाही मिळेल, आणि दहा दिवसांनी त्याचं मोल कळतं.

नळाचं पाणी इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये पिण्याचं असतं. रोममध्ये तर रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. बाटली भरून घ्या. ग्रीसच्या पुष्कळ बेटांवर मात्र नळाचं पाणी पीत नाहीत. ग्रीसमध्ये आणखी एक. संडासातला कागद आत टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात. पाण्याची सवय असणाऱ्यांनी एक रिकामी बाटली जवळ ठेवावी. इटलीत घराघरांत धुण्याची वेगळी सोय असते. 1975 पासून तसा नियमच आहे. या बाबतीत ते आपल्या जवळचे.

नेहमीची औषधं पुरेशी न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठीही न्या. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की औषधाचं दुकान. बारीकसारीक दुखण्यांवर तिथला माणूस चांगला सल्ला देतो. पण अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाही. मोठं काही झालं तर 112 फिरवा. सगळ्या युरोपीय संघात हाच नंबर आणि तो फुकट. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तो कागद घेऊन आपल्या वकिलातीत. रोम, माद्रिद, लिस्बन, अथेन्स या चारही ठिकाणी आपली वकिलात आहे. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत एक तुमच्याकडे, एक घरी, एक ईमेलमध्ये.

एकट्या जाणाऱ्या मुलींना वेगळं काय सांगायचं? होस्टेलमध्ये बायकांसाठी वेगळ्या खोल्या असतात, पहिल्या खेपेला त्याच घ्या. रात्री उशिरा स्टेशनच्या आसपास रेंगाळू नका. कोणी मागे मागे येत असेल तर जवळच्या खानावळीत शिरा आणि तिथल्या माणसाला सांगा. आपला पेला सोडून उठू नका. एकट्या आहात हे अनोळखी माणसाला सांगायची गरज नाही. मैत्रीण मुक्कामावर वाट बघते आहे, हे खोटं अशा वेळी खुशाल बोला. आणि कोणाचं मन राखण्यासाठी कुठेही जाऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उदास वाटेल. हे जवळजवळ सगळ्यांना होतं. आजूबाजूला सगळे जोडीनं जेवत असतात आणि आपण भिंतीकडे बघत असतो. तेव्हा लगेच परतीचं तिकीट शोधू नका. दुपारी झोपा. संध्याकाळी होस्टेलच्या स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी शिजवा. तिथे कोणीतरी मीठ मागायला येतंच. मोठ्या गावांत पायी फिरवून माहिती सांगणारे असतात, शेवटी आपल्या मर्जीनं पैसे द्यायचे. पहिल्याच दिवशी तसं फिरलं की गावही कळतं आणि दोन-चार चेहरेही ओळखीचे होतात.

ज्यांना एकटेपणाची फारच धास्ती आहे, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. स्पेनमधल्या सांतियागोच्या पदयात्रेला जा. कामिनो म्हणतात तिला. पूर्ण वाट फ्रान्सच्या हद्दीतून सुरू होते आणि सुमारे 780 किलोमीटर आहे. एवढी चालायची गरज नाही. पुष्कळ जण सारिया या गावापासून शेवटचे सव्वाशेच्या आतले किलोमीटर चालतात. पाच-सहा दिवस पुरतात. वाटेवर पिवळे बाण आहेत, रस्ता चुकत नाही. मुक्कामाला यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत. त्यांना अल्बेर्गे म्हणतात. जवळ एक पुस्तिका ठेवायची आणि वाटेत तिच्यावर शिक्के घ्यायचे. निदान 100 किलोमीटर चालल्याचं दिसलं की सांतियागोला प्रमाणपत्र मिळतं. धर्म कोणता, असं वाटेवर कोणी विचारत नाही. एकटे निघालेले लोक तिथे शेकड्यांनी असतात, रोज तेच चेहरे पुन्हा भेटतात. मोठी शहरं त्यानंतर करा. तोवर तुम्ही सरावलेले असाल.

आता दोन शब्द घरच्यांना. पोरगं तिकडे पोचलं की दर तासाला फोन करू नका. दिवसातली एक वेळ ठरवा. उन्हाळ्यात इटली-स्पेन आपल्या साडेतीन तास मागे असतात, ग्रीस अडीच आणि पोर्तुगाल साडेचार. त्यांचं रात्रीचं जेवण म्हणजे आपली मध्यरात्र. त्यापेक्षा त्यांची सकाळ ठरवा. आज कुठे मुक्काम आहे, एवढा एक ओळीचा निरोप रोज यायला हवा, बाकी सगळं त्यांच्यावर सोडा. रस्ता शोधत असलेल्या माणसाला "जेवलास का" विचारायला फोन केला की त्याचं लक्ष पिशवीवरून उडतं.

आणि तुम्ही, तो निरोप चुकवू नका.

व्हिसाचं सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण उद्या सकाळी पहिलं काम तेच आहे. पासपोर्ट काढून बघा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू हवा, दहा वर्षांपेक्षा जुना नको, आणि दोन पानं कोरी हवीत. पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस या सगळ्यांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. जिथे अर्जाची वेळ लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नका. शुल्क मोठ्या माणसाला 90 युरो आहे. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. व्हिसावर एकाच प्रवेशाची परवानगी असेल, तर मधे अल्बानियाला चक्कर मारून परत येऊ म्हणू नका. अल्बानिया शेंगेनमध्ये नाही, परत आत घेणार नाहीत.

एजंट खोट्या मुक्कामाच्या पावत्या जोडतो म्हणाला तर तिथून उठा. पैसे परत मिळणारं खरं आरक्षण मिळतं, तेच करा. पहिले व्हिसे नीट वापरले तर पुढचा व्हिसा जास्त मुदतीचा मिळू शकतो, 2024 पासून भारतीयांसाठी तशी तरतूद आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले तर घेत नाहीत. सुट्ट्यांच्या तोंडावर व्हिसा केंद्रात भेटीची वेळच मिळत नाही. सप्टेंबरात निघायचं असेल तर मार्च उजाडताच वेळ घ्या. जुलैपर्यंत थांबू नका.